फटीपुढचा अर्धा मीटर

अरुंद फटीतून गेलेला प्रकाश आधी आकसतो असं दाखवणाऱ्या, प्रकल्पवहीतल्या एका आलेखाखाली लाल शाईत ओळ होती: 'विवर्तनाने प्रकाश पसरतो. वाचने पुन्हा तपासा.' विवर्तन म्हणजे कडेजवळून किंवा फटीतून जाताना लाटेचं वळणं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ती लिहिली आणि गुण कापले. वही टी. वाय. बी.एस्सी.च्या दोन विद्यार्थ्यांची होती. मुलगा साक्री तालुक्यातला, पांझरेच्या काठावरचा. मुलगी यावलची, घरी केळीची बाग. प्रकल्पाचा मार्गदर्शक मी होतो आणि तो आलेख मी सही करून पुढे जाऊ दिला होता. म्हणून हे प्रकरण त्यांच्याइतकंच माझंही आहे.

प्रकल्प अगदी साधा होता. लेसरच्या झोतात एक अरुंद फट ठेवायची, तीन मीटरवर पडद्यावर उमटणारे उजळ-काळे पट्टे मोजायचे आणि त्यावरून फटीची रुंदी काढायची. दरवर्षी कुणीतरी हे करतं. दाढीच्या दोन ब्लेडांच्या धारा समोरासमोर चिकटवल्या की फट तयार होते. यंदाच्या दोघांनी अजिंठा चौफुलीजवळच्या एका गॅरेजमधून फिलर गेज मागून आणला होता. स्पार्क प्लगची फट तपासायला मिस्त्री वापरतात तो, पोलादी पात्यांचा जुडगा. एक मिलिमीटरचं पातं ब्लेडांच्या मधे धरायचं, दोन्ही धारा त्याला टेकवायच्या, चिकटवायच्या आणि पातं हळूच काढून घ्यायचं. ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपखाली फट १.०० मिलिमीटर भरली, वर-मधे-खाली सगळीकडे जवळजवळ सारखी. इतकी चांगली फट आमच्या प्रयोगशाळेत याआधी कुणी केलेली मी पाहिली नव्हती.

पट्टे उमटले, रुंदी निघाली, काम संपलं. संपल्यावर मुलाने सहज पडदा उचलला आणि फटीकडे आणायला लागला. मी शेजारच्या टेबलावर जर्नल तपासत होतो. त्याची हाक आली, "सर, हाई त उलटंच व्हयनं!" पडदा फटीपासून अर्ध्या मीटरवर होता. त्यावरची लाल रेघ फटीपेक्षा बारीक होती, आणि झगझगीत. पडदा आणखी जवळ नेला की रेघ पुन्हा रुंद व्हायची, लांब नेला तरी रुंद व्हायची. मधे कुठेतरी ती सगळ्यांत बारीक होती. भिंग कुठेच नव्हतं.

त्यांनी एका जुन्या वेबकॅमचा लेन्स फिरवून काढला आणि उघडा सेन्सर ऑप्टिकल बेंचवर मागेपुढे सरकवत रेघेच्या मधोमध किती उजेड आहे याचा आलेख काढला. लाल शाई पडली ती याच आलेखाखाली.

परीक्षकांच्या शेऱ्याकडे तक्रार म्हणून पाहायचं की प्रश्न म्हणून, हे आधी ठरवावं लागलं. पहिले दोन दिवस आम्ही तिघंही नाराज होतो. तिसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली, "सर, त्यांनी तपासा म्हटलंय ना, मग तपासूच." पुढचे दोन महिने त्यात गेले.

पहिली शंका कॅमेऱ्यावर होती, आणि ती खरी निघाली. वेबकॅम स्वतःच उजेड जुळवून घेतो. समोर चकाकतं काही आलं की एक्सपोजर कमी करतो, अंधुक आलं की वाढवतो. आमच्या आलेखातले चढउतार त्यामुळे दबले होते. म्हणजे खरा कळस आमच्या आलेखात होता त्यापेक्षा उंच असणार होता. एक्सपोजर हाताने कायम केलं. पण तेवढ्याने भागत नाही. दुप्पट उजेडाला कॅमेरा दुप्पट आकडा देतोच असं नाही. तेव्हा लेसरपुढे पोलरॉइड धरला. तो किती कोनात फिरवला यावरून आरपार येणारा उजेड किती, हे मालसचा नियम सांगतो. पोलरॉइड फिरवत फिरवत त्या नियमाप्रमाणे उजेड किती असायला हवा आणि कॅमेरा किती सांगतो, याचा तक्ता केला. दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलमधला हा नियम. तो मापपट्टी म्हणून वापरता येतो हे मुलांना तेव्हा पहिल्यांदा पटलं, आणि मला त्याचा फार आनंद झाला.

दुसरी शंका जास्त गंभीर होती. ती परीक्षकांनी लिहिलेली नव्हती, पण त्यांच्या जागी मी असतो तर हीच विचारली असती. लेसर पॉइंटरच्या तोंडाशी प्लॅस्टिकचं बारकं भिंग असतं. स्वस्त पॉइंटरमध्ये ते नीट बसवलेलं नसतं, त्यामुळे झोत बाहेर पडतानाच थोडा आत झुकलेला असू शकतो. तसं असेल तर रेघ बारीक होण्याचं श्रेय भिंगाचं, फटीचा काही संबंध नाही. सगळा प्रकल्प कोसळतो.

यावर एकच पक्का उपाय होता: नक्की पसरत जाणाराच झोत घ्यायचा. पॉइंटरपुढे दहा सेंटिमीटर नाभीय अंतराचं बहिर्वक्र भिंग ठेवलं. प्रकाश त्याच्या नाभीपाशी गोळा होतो आणि तिथून पुढे उमलत जातो. त्या बिंदूपासून बरोबर ८ मीटरवर, व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, फट ठेवली. तिथे पोचेपर्यंत झोत वीतभर रुंद झाला होता. त्यातला डाग नसलेला भाग शोधून फट तिथे आणली. आता फटीत शिरणारा प्रकाश उमलणाराच होता, त्यात वाद नाही. तो फटीच्या पलीकडे आकसला, तर ते फटीमुळेच.

एप्रिल लागला होता. जळगावच्या उन्हात व्हरांड्याची फरशी तापते आणि दुपारी तिच्यावरची हवा नुसती थरथरत असते. सेन्सरवरची रेघ वाऱ्यावरच्या दोरीसारखी हलायची. म्हणून सगळी वाचनं पहाटे पाच ते साडेसहा. वॉचमन मामांनी रोज कुलूप उघडून दिलं, त्यांचे उपकार मोठे.

हिशेब असा आहे. सपाट लाट फटीत आली, म्हणजे फटीच्या सगळ्या रुंदीवर लाटेचे चढउतार एकाच वेळी पोचले, तर रेघ सगळ्यांत उजळ कुठे होईल? फटीच्या रुंदीचा वर्ग घ्यायचा, तरंगलांबीने, म्हणजे लाटेच्या लागोपाठच्या दोन शिखरांमधल्या अंतराने, भागायचा, आणि त्याची ०.३४ पट करायची. १ मिलिमीटर फट आणि ६५० नॅनोमीटरचा लाल प्रकाश घेतला की उत्तर येतं ५२ सेंटिमीटर. तिथे मधोमधची तीव्रता फट नसताना असते त्याच्या १.८ पट होते, आणि रेघेची रुंदी, कळसाच्या अर्ध्या उंचीवर मोजली तर, फटीच्या साधारण ३६ टक्के उरते.

उमलत्या झोतासाठी दुरुस्ती करावी लागते. भिंगाचं सूत्र आपण लावतो तसंच: एक भागिले ५२ मधून एक भागिले ८०० वजा करायचे. उत्तर साडेपंचावन्न सेंटिमीटर. आमची वाचनं ५४ ते ५७ च्या दरम्यान सगळ्यांत उंच होती. कळस पसरट असतो, याहून बारीक बोट ठेवता येत नाही. तीव्रता १.७ पटीच्या आसपास आली. थोडी कमी, कारण झोत सगळीकडे एकसारखा नव्हता आणि ब्लेडच्या धारेवर धूळ बसते. अर्ध्या उंचीवरची रुंदी ०.४ मिलिमीटरच्या जवळ. एक मिलिमीटरच्या दारातून, उमलत आत आलेला प्रकाश, बाहेर पडून निम्म्याहून बारीक झाला होता. पावणेदोन मीटरच्या पुढे तो पुन्हा फटीइतका रुंद होतो, आणि तिथून पुढचं चित्र आपल्या पुस्तकातलं.

हे का होतं, ते मी फळ्यावर दोनदा समजावलं आणि दोन्ही वेळा फसलो, कारण सुरुवात फटीच्या कडांपासून केली होती. तिसऱ्यांदा फट नाही असं धरून सुरुवात केली. मोकळी, अमर्याद सपाट लाट येते आहे. पुढच्या एका बिंदूवर लाटेच्या प्रत्येक भागाकडून काही ना काही पोचतं. बिंदूच्या नेमका समोरचा भाग जवळचा. बाजूचे भाग लांबचे, म्हणून त्यांच्याकडून येणारं उशिरा पोचतं. उशीर अर्ध्या तरंगलांबीच्या पुढे गेला की त्यांचं देणं समोरच्या भागाच्या विरोधात जातं. आणखी लांबचे भाग पुन्हा बाजूने, त्यापुढचे पुन्हा विरोधात. या सगळ्या ओढाताणीतून जे उरतं ती मोकळ्या लाटेची तीव्रता. चिखलात रुतलेली गाडी काढायला गाव लोटलाय, पण कडेचे काही जण उलट बाजूला जोर लावतायत, असं समजा. त्या कडेच्यांना बाजूला केलं तर माणसं कमी होऊनही गाडी जास्त जोराने हलते. फट तेच करते. अर्ध्या मीटरवरच्या बिंदूसाठी ती जे अडवते त्यात विरोध करणारा हिस्सा मोठा असतो. फटीच्या कडेकडून येणाऱ्या प्रकाशाला मधल्यापेक्षा तरंगलांबीच्या ०.३७ इतकाच उशीर होतो, म्हणजे आत आलेलं सगळं एका बाजूने ओढतं.

गोल छिद्र असेल तर हे आणखी ठळक होतं. त्रिज्येचा वर्ग भागिले तरंगलांबी, इतक्या अंतरावर मधोमधची तीव्रता मोकळ्या झोताच्या चौपट होते. ही गणितं फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रेनेलची, दोनशे वर्षांपूर्वीची. १८१८ मध्ये पॅरिसच्या अकादमीपुढे त्याचा निबंध आला तेव्हा परीक्षक मंडळातल्या प्वासाँने आक्षेप घेतला होता: हे खरं मानलं तर गोल चकतीच्या सावलीच्या ऐन मध्यावर उजेडाचा ठिपका दिसायला हवा, आणि हे तर अशक्य. मंडळातल्याच आरागोने करून पाहिलं. ठिपका होता. हा प्रसंग मी मुलांना मुद्दाम सांगितला. प्वासाँने आक्षेप घेतला नसता तर तो ठिपका तेव्हा कुणी शोधला नसता.

इथे साक्रीच्या मुलाने एक गोष्ट मांडली, आणि प्रकरणाला वेगळंच वळण लागलं. त्याच्या गावाकडे अजून फड पद्धतीचं पाणी आहे. पांझरेवरच्या बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटकरी पाळीप्रमाणे एकेका फडाची चारी उघडतो. तो म्हणाला, "सर, पाटाच्या मोरीतून पाणी जोरात निघतं तेव्हा तेही आधी आकसतं, मग पसरतं. मी रोज पाहिलंय. हे तेच असेल." निरीक्षण शंभर टक्के खरं. अरुंद तोंडातून जोराने निघणारी धार तोंडाबाहेर आकसते, आणि आदर्श फटीसाठी ती किती आकसते याचं गणितही आहे: मूळ रुंदीच्या सुमारे ६१ टक्के. कारण मात्र वेगळं. बाजूने वळून येणारं पाणी काटकोनात एकदम वळू शकत नाही, आतल्या दिशेचा त्याचा वेग बाहेर पडल्यावरही काही काळ टिकतो. तिथे लाट नाही, तरंगलांबी नाही.

दोन गोष्टी दिसायला सारख्या आहेत, मग वेगळ्या कशा ओळखायच्या? उत्तर त्या दोघांनीच शोधलं, आणि माझ्या मते सगळ्या प्रकल्पातलं हेच सगळ्यांत चांगलं काम. पाण्याची धार जिथे सगळ्यांत बारीक होते ते अंतर तोंडाच्या रुंदीच्या प्रमाणात बदलतं: तोंड निम्मं, तर अंतर निम्मं. लाटेचं अंतर रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात: फट निम्मी, तर अंतर चौथाई. फिलर गेजचं अर्ध्या मिलिमीटरचं पातं काढलं आणि नवी फट केली. कळस २७ सेंटिमीटरच्या आसपास आला तर पाटाचं पाणी, १३ च्या आसपास आला तर लाट. तो १३ आणि १४ च्या मधे आला. वाचन घेताना मुलगी आकडा मोठ्याने म्हणाली आणि पहाटेच्या व्हरांड्यात तिघंही काही वेळ बोललो नाही.

ऊर्जेचा मुद्दा राहिला. १.८ पट उजेड आला कुठून? कुठूनच नाही. तो मधे जास्त आणि कडेला कमी झाला. सेन्सरवरचे सगळे आकडे बेरजेला घेतले तर बेरीज अंतराबरोबर फारशी बदलत नाही, फक्त हळूहळू किंचित घटते. ही घट सुरुवातीला आम्हाला चूक वाटली. प्रत्यक्षात तिच्यातच या प्रकरणाचं मर्म होतं.

सेन्सर साडेतीन मिलिमीटर रुंद. काही प्रकाश त्याच्या बाहेर जात होता, म्हणजे रेघ आकसत असतानाच दोन्ही बाजूंना प्रकाशाच्या लांब, फिकट शेपट्या पसरत होत्या. परीक्षक पूर्ण चुकले नव्हते, हे मला तेव्हा कळलं. रुंदी मोजायच्या दोन रीती आहेत. कळसाच्या अर्ध्या उंचीवर मोजली तर लाट आधी आकसते. पण मध्यापासूनच्या अंतराचा वर्ग घेऊन सरासरी काढली, पुंजयामिकीत, म्हणजे अणूंच्या जगाच्या भौतिकशास्त्रात, अनिश्चिततेसाठी काढतात तशी, तर शेपट्यांचं वजन जिंकतं आणि ती रुंदी पहिल्या क्षणापासून वाढतच जाते. सपाट निघालेल्या लाटेची ही सरासरी रुंदी कधीच कमी होत नाही, हे दोन ओळींत सिद्ध करता येतं. यावलच्या मुलीने मला आधीच विचारलं होतं, हायझेनबर्गच्या तत्त्वाचं काय? जागा आकसली तर संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, पसरायला हवा ना? संवेगाचं वाटप फटीतून बाहेर पडतानाच ठरून गेलेलं असतं. पुढच्या मोकळ्या प्रवासात ते बदलत नाही. बदलतो तो निरनिराळ्या संवेगांच्या लाटांचा आपसातला मेळ. अर्ध्या मीटरवर तो मधोमध चांगला जुळतो, इतकंच. तत्त्वाला धक्का लागत नाही.

म्हणूनच कडा धारदार लागतात. घंटेच्या आकाराची, कडेला हळुवार मावळणारी लाट सपाट निघाली तर ती कधीच आकसत नाही, पहिल्यापासून पसरते. एकदम कापलेली लाटच गोळा होते. म्हणजे ब्लेडची धार इथे भिंगाचं काम करते आहे.

परीक्षेच्या कामापुरतं एवढं पुरे होतं. पण दोघांनाही पुढचं हवं होतं, आणि मलाही.

लुई द ब्रॉय यांनी १९२४ मध्ये मांडलं की प्रत्येक कणाबरोबर लाट असते; प्लांकचा स्थिरांक (पुंजयामिकीतली एक ठरलेली, अतिशय लहान संख्या) भागिले संवेग, इतकी तिची तरंगलांबी. १९२७ मध्ये डेव्हिसन आणि जर्मर यांनी निकेलच्या स्फटिकावरून इलेक्ट्रॉनांचं विवर्तन दाखवलं. अशा द्रव्यतरंगांसाठी भिंग करणं अवघड आहे. इलेक्ट्रॉनाला विद्युतभार असतो, चुंबकाने त्याला वळवता येतं. पण उदासीन अणूचं काय? काचेतून तो जात नाही, आदळतो. अणूला पदार्थाच्या आरपार नेता येत नसेल तर पदार्थाच्या मधल्या मोकळ्या जागेतूनच न्यावं लागतं, आणि मोकळी जागा लाटेला वळवते ती विवर्तनाने. १९९१ मध्ये जर्मनीतल्या कोन्स्टान्झच्या गटाने हेलियमचे उत्तेजित अणू फ्रेनेलच्या वलयपट्टीने एकत्र आणले. ही पट्टी म्हणजे एकाआड एक उघडी आणि बंद वलयं, विरोधात जाणारे सगळे हिस्से अडवणारी. गाडीच्या उपमेत सांगायचं तर उलट ओढणाऱ्या प्रत्येक रांगेला थांबवणारी.

आमची एकटी फट ही या पट्टीची सगळ्यांत साधी बहीण. तिचं गणित अणूंसाठी करताना एक सुंदर गोष्ट हाती लागते. भिंगाशिवाय मोकळ्या जागेत जाणाऱ्या प्रकाशाचं समीकरण आणि मोकळ्या कणाची लाट काळाबरोबर कशी बदलते ते सांगणारं श्रोडिंगर समीकरण यांची घडण एकच आहे. प्रकाशात जिथे अंतर येतं तिथे कणात काळ येतो. आमचं अंतराचं सूत्र घ्या, तरंगलांबीच्या जागी द ब्रॉय यांचं सूत्र घाला आणि अंतराला वेगाने भागून वेळ काढा. वेग निघून जातो. उरतं ते असं: फटीच्या रुंदीचा वर्ग, गुणिले वस्तुमान, भागिले प्लांकचा स्थिरांक, गुणिले ०.३४. कण हळू असो की जोरात, गोळा व्हायला लागणारा वेळ तोच.

फळ्यावर रुबिडियम-८७ घेतला, १९९५ मध्ये कॉर्नेल आणि वीमन यांनी ज्याचा पहिला बोस-आइन्स्टाइन संघनित, म्हणजे अतिथंड होऊन एकाच लाटेसारखा वागणारा अणूंचा मेघ, केला तोच अणू. त्याचं वस्तुमान भागिले प्लांकचा स्थिरांक म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे २१.८ कोटी सेकंद. दहा मायक्रोमीटर रुंदीची लाट घेतली तर गोळा व्हायला ७.४ मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात सोडलेला अणू गुरुत्वाने पाव मिलिमीटरपेक्षा थोडा जास्त खाली पडतो. साक्रीच्या मुलाने हा आकडा स्वतः काढला आणि दोनदा तपासला. प्रयोगशाळेत मोजता येईल असा वेळ आहे, अब्जांश सेकंद नव्हे. थंड न्यूट्रॉन घेतले, सेकंदाला २०० मीटरने जाणारे, तरंगलांबी २ नॅनोमीटर, फट दशांश मिलिमीटर, तर कळस १.७ मीटरवर येतो. आमच्या व्हरांड्यात मावेल.

अणूंच्या बाबतीत दोन अडचणी आहेत. लाट सगळ्या रुंदीवर एका सुरात असायला हवी. साध्या गरम वाफेतल्या अणूंचं तसं नसतं, संघनितातल्यांचं असतं. आणि अणू एकमेकांना ढकलतात. दाट संघनित सोडला की आपसातल्या ढकलाढकलीनेच तो फुगतो, आणि आकसण्याचा नाजूक परिणाम बुडून जातो. म्हणून विरळ मेघ लागतो, किंवा चुंबकीय क्षेत्राने अणूंमधला परस्परप्रभाव जवळजवळ शून्यावर आणावा लागतो. कापलेल्या कडांचा संघनित मिळवण्याची वाट मोकळी आहे: केंब्रिजच्या गटाने २०१३ मध्ये सपाट तळाच्या, उभ्या भिंतींच्या प्रकाशाच्या पेटीत रुबिडियमचा संघनित केला.

गोळा झालेली लाट पुढे पसरणार, मग तिला धरून कसं ठेवायचं? पन्हळीत घालावी लागते असं वाटतं, पण भिंती सलग असायची गरज नाही. ठरावीक अंतरावर नुसत्या फटी ठेवल्या तरी लाट एकीतून दुसरीत जात राहते. प्रत्येक फट पसरलेल्या शेपट्या छाटते, छाटलेली लाट पुन्हा गोळा होते, आणि काही टप्प्यांनंतर ती असा आकार धरते की पुढच्या प्रत्येक टप्प्यावर तोच दिसतो. दर फटीला थोडा हिस्सा वाया जातो. पाण्याच्या लाटांनी आणि धातूच्या पृष्ठभागावरच्या प्लाझ्मॉन लाटांनी (प्रकाश आणि धातूतले इलेक्ट्रॉन यांच्या एकत्र लाटांनी) हे प्रयोगात दाखवून झालं आहे. तो शोधनिबंध २०२१ चा. त्याआधी २०१७ मध्ये एकट्या फटीपुढची तीव्रता ८० टक्के वाढते हेही पाण्याच्या लाटांवर मोजलं गेलं, आणि कळसाच्या जागी लाट पुन्हा जवळजवळ सपाट असते हेही. तिथेच दुसरी फट ठेवली की आणखी बारीक गोळा होते. मागे वळून पाहिलं तर १९६१ मध्ये फॉक्स आणि ली यांनी लेसरच्या दोन आरशांमधला प्रकाश असाच हिशेबात घेतला होता: समोरासमोरचे आरसे म्हणजे एकामागून एक उभ्या केलेल्या फटी.

आम्ही दुसरी फट करून पाहिली. ०.४ मिलिमीटरची, पहिलीपासून साडेपंचावन्न सेंटिमीटरवर. सूत्राप्रमाणे पुढचा कळस तिच्यापासून आठ सेंटिमीटरवर यायला हवा. तिच्यापुढची रेघ फारच बारीक झाली, पण कळस पहिल्याइतका ठसठशीत उठला नाही. कारण आता दुसऱ्या फटीत शिरणारी लाट मधे उंच आणि कडेला उतरती होती, तिचा आकार घंटेच्या जवळ गेला होता. घंटेची लाट आकसत नाही हे आम्ही आधीच शिकलो होतो. दुसरी फट किती रुंद घ्यावी, यावर दोघांचा वाद झाला. मुलगा म्हणत होता आणखी अरुंद, मुलगी म्हणत होती पहिलीइतकीच रुंद घ्या आणि अंतर वाढवा, पन्हळीसारखं चालायला हवं. दोघांचं म्हणणं आपापल्या जागी बरोबर होतं. एकाला गोळा करायची होती, दुसरीला धरून ठेवायची होती.

गुण बदलले नाहीत. निकाल लागून गेला होता आणि अर्जाची मुदतही. मी परीक्षकांना पत्र लिहिलं, तक्रारीचं नाही. दोन्ही रुंद्यांचे आलेख एका पानावर काढून पाठवले, एक आकसणारी आणि एक पसरणारी. त्यांचं उत्तर आठ दिवसांनी आलं. त्यांनी विचारलं होतं की फट नेमकी कशी केली, आणि फिलर गेज कोणत्या मापाचा घ्यावा.

यंदाच्या तुकडीने एक मिलिमीटरच्या पाच फटी केल्या आहेत. तीन एका रेषेत बसल्या. चौथी बसवताना पहिली हलते. बेंचखाली वाळूची पोती टाकून पाहतोय.